दूरदर्शनचा सातबारा कुणाच्या नावावर?

जुना_अँटेना (धागाकर्ता)

मंडळी, घराला रंग काढलाय, त्यामुळे माळ्यावरचं सगळं खाली आलंय. आजोबांच्या कागदपत्रांच्या पिशवीत टीव्हीच्या लायसनचं पुस्तक सापडलं. हो, टीव्हीचं लायसन! रेडिओला असायचं तसंच. दरवर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, तिकिटं चिकटवून वर शिक्का मारून घ्यायचा. आजोबांनी एकही वर्ष चुकवलेलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारनं लायसनच काढून टाकलं, तिथून पुढची पानं कोरी.

भाच्यानं पुस्तक उलटसुलट केलं आणि विचारलं, "मामा, पणजोबांनी इतकी वर्षं चॅनलला पैसे दिले, मग चॅनलमध्ये त्यांचा वाटा किती?" मी म्हटलं, अरे ते सरकारचं. "मग प्रसार भारती कोण?" मी म्हटलं, ते दूरदर्शन-आकाशवाणी चालवणारं महामंडळ. "महामंडळाचा मालक कोण?" इथे माझी गाडी थांबली.

मला ठाऊक आहे ते असं. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत आकाशवाणी भवनात प्रायोगिक टीव्ही सुरू झाला. आठवड्यातून दोनदा, तोही दिल्लीच्या आसपास दिसेल इतकाच. १९६५ पासून रोजचं प्रसारण. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई, वरळी. पण एवढी सगळी वर्षं टीव्ही हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. १ एप्रिल १९७६ ला वेगळा संसार थाटला आणि दूरदर्शन हे स्वतंत्र खातं झालं. ती शहनाईची धून आणि दोन वक्ररेषांमधला गोळा तेव्हाचाच. ते चिन्ह राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याचं. पुढे १९९७ मध्ये प्रसार भारती आली.

मग आज मालक कोण? सातबाऱ्यावर नाव कुणाचं? चुकलं असेल तर कान धरा.

कावळा_बसला

एवढा काथ्याकूट कशाला? दूरदर्शन अदानींनी घेतलं ना काही वर्षांपूर्वी? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं.

खोडरबर

सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची वेळ सोडून काहीही आलं तरी विश्वास ठेवू नये.

वकीलीणबाई

कावळेराव, तुमची गल्लत झाली आहे. ते एनडीटीव्ही. पण गल्लत कामाची आहे, कारण फरक त्यातच कळतो.

एनडीटीव्ही ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. तिचे संस्थापक प्रणय आणि राधिका रॉय. त्यांच्या आरआरपीआर या कंपनीकडे एनडीटीव्हीचे शेअर होते. तिनं २००९ मध्ये विश्वप्रधान कमर्शियल नावाच्या कंपनीकडून सुमारे ४०० कोटींचं बिनव्याजी कर्ज घेतलं. बदल्यात दिले वॉरंट, म्हणजे पुढे कधीही त्या कर्जाचे शेअर करून घ्यायचा हक्क. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहानं विश्वप्रधानच विकत घेतली आणि ते वॉरंट वापरले. त्या एका चालीत एनडीटीव्हीचा २९ टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा गेला. नंतर बाकीच्या भागधारकांसाठी खुली ऑफर आली, शेवटी डिसेंबरात रॉय यांनी आपला बहुतेक हिस्सा विकला आणि समूहाकडे जवळपास ६५ टक्के झाले. म्हणजे मालकी बदलली ती तेरा वर्षांपूर्वीच्या कर्जाच्या कागदातून.

दूरदर्शनचं असं होऊ शकत नाही, कारण विकायला शेअरच नाहीत. प्रसार भारती ही कंपनी कायद्याखालची कंपनी नव्हे, तर संसदेच्या १९९० च्या कायद्यानं जन्माला आलेलं महामंडळ. ते कुणाला द्यायचं झालं तर संसदेत जाऊन कायदाच बदलावा लागेल.

गंमत म्हणून सांगते, एनडीटीव्हीचं पहिलं नाव झालं ते दूरदर्शनवरच. १९८८ पासून शुक्रवारी रात्री जगभरच्या बातम्यांचा साप्ताहिक कार्यक्रम लागायचा, तो त्यांचा. भाडेकरू म्हणून आले आणि पुढे स्वतःचा बंगला बांधला.

कावळा_बसला

बरं बाई, फांदी मोडली. आता पुढचं सांगा.

बिनधास्त_बकुळा

मालकी राहू द्या हो, धागा उघडल्या उघडल्या 'व्यत्यय'ची पाटी डोळ्यांसमोर आली! संध्याकाळी 'आमची माती, आमची माणसं' लागलं की आमचे काका शेती नसतानाही मांडी घालून बसायचे. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', गुरुवारचं 'छायागीत'. बातम्या द्यायला भक्ती बर्वे, स्मिता पाटील. स्मिता पाटीलला आम्ही आधी बातम्यांतली म्हणून ओळखत होतो, सिनेमातली नंतर.

आणि पु.लं.ना विसरू नका. दिल्लीच्या टीव्हीच्या अगदी सुरुवातीच्या निर्मात्यांत आपले भाई होते.

सिंहगडकर

बकुळाताई, +१. आमच्या पुण्याला मुंबईचं चित्र मिळायचं ते सिंहगडावरच्या केंद्रातून, १९७३ पासून. गडावर ढग उतरले की घरात टीव्हीवर मुंग्या. पावसाळ्यात वडील गच्चीवर, आई जिन्यात आणि मी टीव्हीसमोर: "आलं... आलं... गेलं! जरा डावीकडे!" आजही गडावर भजी खाताना त्या टॉवरकडे बघितलं की मान आपोआप डावीकडे वळते.

खोडरबर

झालं! स्मरणरंजनाची जिलबी पडली. धागाकर्ते बिचारे मालक शोधताहेत.

वकीलीणबाई

मालकाकडेच येते. पण आधी मुळाशी जाऊ. मूळ मालकीचा दाखला १८८५ चा आहे, भारतीय तार अधिनियम. तार पाठवण्याचा एकाधिकार सरकारचा, असं त्यात लिहिलं होतं. त्या एका ओळीच्या आधारावर आधी रेडिओ आणि मग टीव्ही सरकारी राहिला. इंग्रजांनी तारेच्या खांबांसाठी केलेला कायदा रामायणापर्यंत पुरला.

खात्यातून बाहेर काढा, ही मागणीही जुनी. १९६६ मध्ये चंदा समितीनं सांगितलं, रेडिओ आणि टीव्ही सरकारातून वेगळे करा, दोन्हीला आपापलं महामंडळ द्या. सरकारनं निम्मं ऐकलं. १९७६ मध्ये रेडिओ आणि टीव्ही एकमेकांपासून वेगळे केले, सरकारपासून नाही. आणि वेळ कोणती, तर ऐन आणीबाणी. माहिती खात्यात विद्याचरण शुक्ल.

१९७७ ला सरकार बदललं, वर्गीस समिती बसली. 'आकाश भारती' नावाचा राष्ट्रीय न्यास करा, असं तिनं सुचवलं. त्यावरून अडवाणी यांनी माहितीमंत्री म्हणून १९७९ मध्ये विधेयक आणलं, त्यात न्यासाचं झालं महामंडळ आणि 'आकाश'चं 'प्रसार'. लोकसभा विसर्जित झाली, विधेयक बुडालं. पुढे व्ही. पी. सिंग सरकारनं १९९० मध्ये कायदा केला, राष्ट्रपतींची सहीसुद्धा झाली. आणि मग तो कायदा सात वर्षं कपाटात! अंमलात आला १५ सप्टेंबर १९९७ ला, गुजराल पंतप्रधान असताना. महामंडळ उभं राहिलं त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला.

या सगळ्यात एक मला नेहमी खटकतं. विरोधात असताना प्रत्येकाला दूरदर्शन स्वायत्त हवं असतं. सत्तेत आल्यावर आठवत नाही.

जुना_अँटेना

सात वर्षं कपाटात? मग ९७ मध्येच कशी जाग आली?

वकीलीणबाई

एक कारण क्रिकेट. १९९३ चा हीरो कप. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला विकले, दूरदर्शन आणि माहिती खातं आडवं गेलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. ९ फेब्रुवारी १९९५ चा निकाल, खंडपीठात आपले पी. बी. सावंत होते. निकालाचं सार असं की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता. सरकार मालक नाही आणि पैसेवाल्यांनीही ती बळकावायची नाही. त्यांचं नियमन करायला स्वतंत्र, स्वायत्त यंत्रणा उभी करा, असंही न्यायालयानं सांगितलं.

तोवर बाहेर सगळं बदललं होतं. १९९१ च्या आखाती युद्धात लोकांनी केबलवर परदेशी वाहिनी पाहिली, १९९२ ला झी आलं. १८८५ चा कायदा जमिनीवरच्या टॉवरला लागू पडत होता, हाँगकाँगहून उपग्रहावर चढवलेल्या चित्राला तो काय अडवणार?

मंडई_ते_मंडीहाऊस

नमस्कार. मी एका दूरदर्शन केंद्रात अभियांत्रिकी विभागात होतो, आता निवृत्त. वकीलीणबाईंनी कायदा छान उलगडला. मी आतून दिसतं ते सांगतो.

सातबाऱ्याचीच भाषा वापरायची तर फेरफार झाला, पण नोंद प्रमाणित व्हायची राहिली. कायद्याच्या १६ व्या कलमात आकाशवाणी-दूरदर्शनची सगळी मालमत्ता महामंडळाकडे जाईल असं म्हटलंय, पण "केंद्र सरकार ठरवील त्या अटींवर". त्या अटींचं घोंगडं इतकं भिजत पडलं की २०१४ मध्ये प्रसार भारतीचा आढावा घेणाऱ्या सॅम पित्रोदा समितीलाही 'मालमत्तेचं हस्तांतरण एकदाचं पूर्ण करा' असं लिहावं लागलं.

माणसांचंही तेच. आम्ही सरकारी नोकर म्हणून लागलो, ९७ नंतर महामंडळाचे झालो का? कुणी सांगेना. आमच्या संघटनांनी वर्षानुवर्षं भांडून कायद्यात दुरुस्ती करून घेतली. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत नोकरीत असलेले सगळे सरकारी नोकरच, महामंडळात मात्र 'प्रतिनियुक्तीवर आहेत असे समजण्यात येईल'. निवृत्तीपर्यंत प्रतिनियुक्ती! म्हणजे आयुष्यभर पाहुणा म्हणून गेलो आणि घरही तेच. पेन्शन सुरक्षित राहिली, म्हणून तक्रार नाही.

त्यानंतर लागलेली मुलं मात्र ना इकडची ना तिकडची. त्याच टेबलावर, त्याच कामाला, पण नियम वेगळे.

खोडरबर

काका, मग स्वायत्तता म्हणजे नेमकं काय मिळालं? लेटरहेड?

मंडई_ते_मंडीहाऊस

लेटरहेड आधी मिळालं, बरोबर ओळखलंत. :)

थट्टा सोडा. कागदावर रचना वाईट नाही. अध्यक्ष आणि सदस्य निवडायला तीन जणांची समिती: उपराष्ट्रपती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेला एक. खासदारांची बावीस जणांची समिती कायद्यात होती, तक्रारी ऐकायला प्रसारण परिषद होती. त्या दोन्ही कागदावरच राहिल्या.

पहिल्याच वर्षीचं सांगतो. पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी एस. एस. गिल. माहिती सचिव असताना 'हम लोग' आणणारे तेच. ९७ मध्ये अध्यादेश काढून वयाची अट काढली म्हणून ते येऊ शकले. ९८ मध्ये सरकार बदललं, अध्यादेश गेला, वयाची अट परत आली आणि गिल घरी. माणसाला हात न लावता अट हलवली. तेव्हा केंद्रात सगळ्यांना कळलं की दोरी कुठे आहे.

बिनधास्त_बकुळा

आणि पैसे? लायसन गेलं, मग चूल कशावर पेटते?

मंडई_ते_मंडीहाऊस

ताई, प्रश्न नेमका विचारलात. जाहिराती १९७६ पासून आहेत. ऐंशीच्या दशकात त्या जोरावर थाट होता, कारण दुसरं दुकानच नव्हतं. आता दोन मोठे झरे. एक डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत डिश सेवा. २००४ मध्ये ३३ वाहिन्यांनी सुरू झाली, आज ४ कोटींच्या वर घरांत आहे. दर महिन्याला पैसे नाहीत, एकदाच डबा घ्यायचा. त्यावर जागा मिळावी म्हणून खासगी वाहिन्या लिलावात कोट्यवधींची बोली लावतात. म्हणजे ज्यांनी आमचे प्रेक्षक नेले, तेच आता आमच्या अंगणात भाडं भरून उभे.

दुसरा झरा सरकारी अनुदान, आणि पगार मुख्यतः त्यातूनच. नवी यंत्रसामग्रीही तशीच. जानेवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं आकाशवाणी-दूरदर्शनच्या आधुनिकीकरणाला २,५३९ कोटी मंजूर केले. घराला रंग कोण देतो ते बघा, मालक आपोआप कळतो. धागाकर्त्यांना आत्ता हे चांगलं पटेल.

वकीलीणबाई

२०१८ चं प्रकरण आठवतंय का काका? प्रसार भारतीचे तेव्हाचे अध्यक्ष ए. सूर्यप्रकाश जाहीरपणे म्हणाले की मंत्रालयानं पगाराचा निधी अडवलाय. मंत्रालयानं आरोप फेटाळला, म्हणालं, अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेनं सामंजस्य करार करायचा असतो, तो यांनी केलेला नाही. कोण खरं ते बाजूला ठेवा. 'तुझा पगार माझ्या खिशात' हे वाक्य दोन्ही बाजूंनी सारखंच ऐकू येतं.

बीबीसीचा फरक तिथे आहे. तिच्याकडे राजाची सनद आहे, आपल्याकडे संसदेचा कायदा आहे, त्यात डावं-उजवं नाही. पण तिची चूल मुख्यतः घराघरातून येणाऱ्या लायसनच्या पैशांवर पेटते. आपण ते पुस्तक बंद केलं, आणि त्या दिवशी दूरदर्शननं प्रेक्षकाचा हात सोडून सरकारचा आणि जाहिरातदाराचा धरला. लायसन काढलं तेव्हा लोकांनी पेढे वाटले असतील. मला तो तोट्याचा सौदा वाटतो.

सिंहगडकर

असहमत, बाई. लायसन ठेवलं असतं तर वसूल कोण करणार होतं? आमच्या वाड्यात सहा टीव्ही आणि लायसन दोन. पोस्टातून माणूस आला की चार घरांतले टीव्ही चादरीखाली आणि वर फुलदाणी. आणि कायद्यात सरकारला आदेश द्यायचा हक्क असेलच ना, मग पैसे कुणाचेही असोत.

वकीलीणबाई

आहे, कलम २३. देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरेंसाठी अमुक दाखवा, अमुक दाखवू नका असा आदेश केंद्र सरकार देऊ शकतं. पण त्यातलं दुसरं पोटकलम वाचा. महामंडळाची इच्छा असेल तर 'हे आम्ही सरकारच्या आदेशावरून दाखवत आहोत' असं त्याच वेळी जाहीर करता येतं. आदेशाची प्रत संसदेपुढे ठेवावी लागते, ती वेगळीच. अशी पाटी मी तरी पडद्यावर पाहिलेली नाही. लेखी आदेश लागतोच कशाला? फोन पुरतो.

चादर आणि फुलदाणीवर निरुत्तर.

कावळा_बसला

फांदी मोडली तरी पुन्हा बसतो. मालकी-मालकी करताय, पण रामायण तरी दूरदर्शनचं आहे का?

मंडई_ते_मंडीहाऊस

कावळेराव, या वेळी बरोबर फांदीवर बसलात. नाही! तेव्हा प्रायोजित कार्यक्रमांची पद्धत होती. मालिका निर्माता बनवणार, दूरदर्शनला प्रक्षेपणाची फी देणार आणि बदल्यात मिळालेला जाहिरातीचा वेळ विकून आपला खर्च काढणार. त्यामुळे २५ जानेवारी १९८७ पासून अख्खा देश रविवारी सकाळी ज्यासाठी थांबायचा, त्या मालिकेचे हक्क सागर कुटुंबाकडे. २८ मार्च २०२० ला टाळेबंदीत पुन्हा लावली, तेव्हा दूरदर्शनला ती त्यांच्याकडून घ्यावी लागली.

आपल्या घरचं होतं, त्याची वेगळीच कथा. टेप महाग, त्यामुळे काम झालं की पुसून त्यावर पुढचं रेकॉर्डिंग. कपाटावर हाताने चिकटवलेली यादी असायची, 'पुसण्यायोग्य'. त्या यादीत काय काय गेलं, आठवलं की रात्री झोप लागत नाही.

जुना_अँटेना

काका, वकीलीणबाई, मनापासून आभार. भाच्याला एवढं सांगितलं: लहरी सगळ्यांच्या, महामंडळ संसदेचं, पैसे बरेचसे सरकारचे, माणसं पाहुणी आणि रामायण सागरांचं. तो म्हणाला, "मग पणजोबांचं काय?" मी म्हटलं, 'इतर हक्क' या रकान्यात बघावं लागेल.

काका, एक विचारू? ते गावोगावचे टॉवर आता बंद झाले म्हणतात. त्यांचं काय झालं?

मंडई_ते_मंडीहाऊस

एलपीटी म्हणायचो आम्ही त्यांना. शंभर वॉटचे छोटे प्रक्षेपक, तालुक्याचं गाव आणि आसपास पुरतील इतके. १९८४ मध्ये तर देशात जवळजवळ रोज एक उभा राहत होता. डिश आल्यावर त्यांच्याकडे कोण बघणार? गेल्या काही वर्षांत बहुतेक बंद केले.

त्यातला एक बंद करायला मी गेलो होतो, निवृत्तीच्या थोडं आधी. दोन खोल्या, मागे टॉवर, दारात तुळस. जागा नगरपालिकेची, ती तिला परत. प्रक्षेपक आणि केबल भांडारात. जनरेटर दुसऱ्या केंद्राला. खुर्च्या, पंखे, अग्निशामक, सगळ्यावर पांढऱ्या रंगात नंबर, रजिस्टर उघडायचं, टिक करायची. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली आणि भिंतीवर एक घड्याळ उरलं. त्यावर नंबर नाही, रजिस्टरात नोंद नाही. तिथला जुना तंत्रज्ञ म्हणाला, साहेब, हे आम्ही चौघांनी वर्गणी काढून घेतलं होतं, बातम्यांची वेळ चुकू नये म्हणून. चौघांतले दोघे आता नाहीत, तिसऱ्याचा पत्ता नाही. तुम्हीच न्या.

माझ्या स्वयंपाकघरात आहे. रोज पाच मिनिटं पुढे जातं, पण सातच्या बातम्या चुकत नाहीत.